उभ्यानं वाजवलेलं क्लॅरोनेट

आमच्या जावयांना जुन्या रॉक बँडांचं भारी वेड. दिवाणखान्यात कपाटाएवढे दोन स्पीकर ठेवलेत आणि रविवार आला की त्यांच्यापुढं डोळे मिटून बसतात, पूजेला बसल्यासारखे. मध्यंतरी बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की असले बँड मी लोणावळ्यात समोर बसून ऐकलेत. तेव्हापासून माझा भाव वधारलाय. "आई, तुम्ही प्रत्यक्ष ऐकलंत? काय काळ असेल तो," असं म्हणून ते माझ्याकडं मी काशीला जाऊन आल्यासारखं बघतात. काय काळ असणार, डोंबलाचा. एकोणीसशे सत्तरनंतरची पहिली काही वर्षं. आम्ही रॉकेलच्या रांगेत उभ्या, आणि मुंबईच्या पैसेवाल्यांची पोरं बापाच्या बंगल्यात येऊन मानेपर्यंत केस सोडून बोंबलतायत. एवढाच तो काळ. जावयांना मी हे सांगत नाही, घरात भांडण नको म्हणून.

त्या दोन-तीन वर्षांत मी असे पाच-सहा बँड तरी पाहिले असतील, आणि त्यातला एक दुसऱ्यापासून वेगळा सांग म्हटलं तर मला सांगता येणार नाही. सगळ्यांची तऱ्हा एकच. आधी तासभर नुसतं टुंग टुंग करून तारा पिळायच्या. आपल्याला वाटतं, आता सुरू होईल, तर ते थांबून सिगारेट पेटवतात. मग माइकमध्ये "हॅलो, चेक, चेक" सुरू. वाजवायला लागले की लोकांकडं पाठ. गाणारा असा कळवळायचा की याच्या पोटात मुरडा आलाय आणि कुणीतरी ओव्याचं पाणी द्यावं, असं वाटायचं. मधेच एक वेळ अशी यायची की ड्रमवाला एकटाच बडवत बसायचा आणि बाकीचे तिघं उठून चहाला जायचे. म्हणजे आपल्याच माणसाचं वाजवणं त्यांना ऐकवत नव्हतं, आणि आम्ही मात्र ऐकायचं. खाली गवतावर बसलेल्या पोरी डोळे मिटून माना डोलवायच्या. अंगात आलेल्या बाईला निदान कुणीतरी हळदकुंकू लावतं, यांना तेही नाही.

पण नुसतं वाईट गाणं-बजावणं मी विसरले असते. जन्मात थोडं का ऐकलंय. माझा राग आहे तो आमच्या ह्यांच्यावरून.

माझं माहेर वडिवळ्याचं, कामशेतच्या आतलं भाताचं गाव. लग्न होऊन लोणावळ्यात आले ती बाजारामागच्या चाळीतल्या एका खोलीत. मी चिक्कीच्या कारखान्यात चिक्की लाटायला जायची आणि आमचे हे बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. बँड म्हणजे लग्नाचा बँड. लाल डगला, पितळी बटणं, खांद्यावर पिवळ्या झिरमिळ्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी. तोही बँड काही स्वर्गातून उतरला नव्हता. मोठा ढोल एका अंगानं फाटलेला, त्याला ठिगळ. दोन ट्रंपेटवाले जेवणावळ उठेपर्यंत सुरातच येत नसत. बँडमास्तर तर असा चेंगट माणूस की पानसुद्धा अर्धं खाऊन उरलेलं कनवटीला लावायचा. पण आमचे हे वाजवायला लागले की लोक घरातनं बाहेर यायचे, हे खरं. नवरा म्हणून सांगत नाही. मावळात मुलीचे बाप तारीख धरताना आधी विचारायचे, तो क्लॅरोनेटवाला मोकळा आहे ना.

आता लग्नाचा बँडवाला कधी एका जागी उभा राहून वाजवत नाही. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याच्यापुढं चालत वाजवायचं असतं. आमच्या ह्यांनी ती कला चुलत्याच्या मागं चालत चालतच उचललेली. बोटं आणि पाय एकत्रच शिकले. पाय थांबला की बोट थांबायचं. खोलीत सराव करायचे तेही दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत, डोळे मिटून. भाकरी थापताना माझ्या पाठीत किती वेळा क्लॅरोनेटचं तोंड बसलंय, त्याला गणती नाही. मी म्हणायचे, "अहो, जरा एका जागी बसा की." तर म्हणायचे, "बसून वाजवायला मी काय पुंगीवाला हाय व्हय?"

असंच एका शनिवारी एक लग्न उरकून हे घरी येत होते. वाटेत एका बंगल्यात ती मुंबईची चार पोरं विजेच्या गिटारी घेऊन सराव करत होती. हे फाटकाबाहेर थांबले, थांबले म्हणजे फाटकासमोर येरझारा घालायला लागले, आणि त्यांच्या गाण्यात आपलं क्लॅरोनेट मिसळलं. पोरं बाहेर आली. त्यांनी ह्यांना आत नेलं, खुर्ची दिली, थंड बाटली दिली. त्यातला गिटारवाला मराठी होता. मुंबईत राहून मराठी विसरायला आला होता, पण वहिनी-वहिनी करण्यापुरती शिल्लक होती. त्यानं ह्यांच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, मास्टर, तुम्ही आमच्यातलेच आहात.

एवढं एक वाक्य. तेवढ्यानं आमचे हे हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. दर शनिवारी बंगल्यावर. दोन-तीनदा मलाही नेलं. मी कोपऱ्यात जाजमावर बसून ऐकायचे आणि ह्यांच्या तोंडाकडं बघायचे. ते तोंड असं फुललेलं मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग पोरांनी सांगितलं की गावाबाहेरच्या माळावर मोठा कार्यक्रम आहे, मुंबईचे तीन-चार बँड येणार, आणि मास्टर, तुम्ही आमच्याबरोबर वाजवायचं. जमलं तर तुम्हाला मुंबईलाच घेऊन जाऊ. कायमचे.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी बँडमास्तरांकडं जाऊन लाल डगला परत केला.

मी कपाळाला हात लावला. "अहो, आधी ते नेतायत का ते तरी बघा. मग सोडा की."

"अगं, ते आपलीच मानसं हायेत. लोकांच्या घोड्यापुढं किती दिस चालायचं?"

बँडमास्तर काही हळहळला नाही. तोंडातला मुखरस सांभाळत एवढंच म्हणाला, "जा. पर लग्नसराई तोंडावर आलीय. मी तुझी जागा मोकळी ठेवनार न्हाई." आणि त्यानं खरंच खोपोलीकडचा एक पोरगा आणून त्या जागेवर उभा केला. म्हणजे आता मुंबईला नेलं तर ठीक, नाहीतर आमचे हे ना इकडचे ना तिकडचे. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं, आणि ह्यांच्या डोक्यात बेलबॉटम. शिंप्याकडं टाकली होती ती, निळी, खाली हा एवढा घेर. मापं द्यायला स्वतः दोनदा जाऊन आले.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस गिटारवाला चाळीत आला. बेलबॉटम बघून त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "नाही मास्टर, हे नाही. तो लाल डगलाच घाला. टोपीसकट." आमच्या ह्यांना वाटलं, असेल त्यांच्यात काही पद्धत. ज्या माणसापुढं ऐटीत डगला टाकून आले होते त्याच माणसाकडं जाऊन तो उसना मागून आणला. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. ती चौघं स्वतः फाटक्या विजारी घालून उभी राहणार आणि ह्यांना झिरमिळ्या. हे काही बरोबरीनं वागवायचं लक्षण नव्हे.

माळावर तर जत्राच. मुंबईहून गाड्या भरभरून पोरं आलेली, मोटारसायकली, पोरींच्या गळ्यात मणी. आसपासच्या वाड्यांवरची माणसं डोक्यावरच्या मोळ्या खाली ठेवून बघत उभी. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, ह्यांच्यात कोन मेलंय?" मी म्हटलं, अजून कुणी नाही. दोन बँड होऊन गेले, ते कसे होते ते वर सांगितलंच आहे. ऊन कलल्यावर आमची चौघं आली आणि तिसऱ्या गाण्याला त्यांनी ह्यांना पुढं बोलावलं.

लाल डगला दिसला तसा खालून एक हुर्यो उठला. ह्यांनी वाकून नमस्कार केला, माइकसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि फुंकर घातली. पहिल्या चार-दोन ओळी अशा निघाल्या की त्या म्हातारीनंसुद्धा मान हलवली. आणि मग ह्यांचे पाय निघाले. जन्माची सवय ती, कुठं जाणार. माइक राहिला मागं, हे आपले वाजवत डाव्या अंगाला मंचाच्या कडेपर्यंत गेले, चौकात वळावं तसे वळले, ड्रमवाल्याला वळसा घालून परत आले. माइकजवळ आले की आवाज मोठा, लांब गेले की बारीक. गिटारवाल्यानं ह्यांना खांद्याला धरून माइकपुढं आणून उभं केलं. हे पुन्हा निघाले. त्यानं पुन्हा आणलं. खाली पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. कुणीतरी डोक्यावर टॉवेल गुंडाळून नवरदेव झाला आणि मंचावर चढून ह्यांच्यामागं चालायला लागला. सगळा माळ ह्यांच्या पावलांवर टाळ्या देत होता. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तेवढंच ह्यांनी बघितलं. आधीचं सगळं मी बघितलं होतं.

पोरं खूश. "मास्टर, पुढच्या वेळी सेम टू सेम," असं म्हणून त्यांनी ह्यांना मिठ्या मारल्या. शिमग्यानंतर एका हॉटेलाच्या हिरवळीवर कार्यक्रम होता, मुंबईची रेकॉर्ड काढणारी मंडळी येणार होती, तिथं पसंत पडलं की मुंबई पक्की.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "बघितलंस न्हवं?" माझ्या अंगाची लाही झाली होती. मी म्हटलं, "बघितलं. हसत होती ती तुम्हाला."

हे डगल्याची बटणं काढत बसले. मग म्हणाले, "मी चाललो म्हनून हसली. चूक माजीच. त्यांच्यात उभ्यानं वाजवत्यात."

मला वाटलं होतं, चिडतील, त्या पोरांना चार शिव्या हासडतील. तर ह्यांनी आपल्याच पायांना दोष दिला. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. मला म्हणाले, "माजा पाय बांद." मी नाही म्हटलं, तर स्वतःच बांधायला लागले, म्हणून मग मीच जुन्या लुगड्याचा काठ फाडून ह्यांचा घोटा खाटेच्या पायाला बांधला. गोठ्यातल्या जनावरासारखे बांधून घेऊन उभे राहायचे आणि वाजवायचे. आधी नुसते फुसके सूर निघायचे. पाय ओढ घ्यायचा, खाट कुरकुरायची, हे घामाघूम व्हायचे. चाळीतल्या बायका दारातून डोकावून तोंडाला पदर लावायच्या, त्यांनाही माझ्याकडून ऐकून घ्यावं लागलं. महिनाभर हेच. मग एका दिवशी मी कणीक मळत होते आणि सूर आला. खाट हलत नव्हती. ह्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागलेले, आणि क्लॅरोनेट असं वाजत होतं की मी कणकेचा हात तसाच धरून ऐकत राहिले. काठ सोडला तरी पाय हलले नाहीत. मला त्या वेळी खरंच वाटलं, नेतील. झक मारत नेतील.

हॉटेलाच्या हिरवळीवर आम्ही दिवेलागणीला गेलो. पुन्हा तोच उसना लाल डगला. मंच बघून मला कळेना, मधली सगळी जागा मोकळी सोडलेली, वायरी एका कडेला सारलेल्या. त्यांच्यातलाच एक पोरगा डोक्याला मुंडावळ्या बांधून, हातात नारळ घेऊन कोपऱ्यात तयार उभा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सगळी ह्यांच्या चालण्याची तयारी आहे. सांगायला मी पुढं जाईपर्यंत ह्यांचं नाव पुकारलं गेलं होतं.

ह्यांनी माइकसमोर पाय रोवले, डोळे मिटले आणि वाजवलं. इतकं चांगलं त्यांनी ना त्याआधी वाजवलं होतं, ना पुन्हा कधी वाजवलं. एक पाऊल हललं नाही. गिटारवाला भुवया उडवून खुणा करत होता, चला, चला. मिटल्या डोळ्यांना काय दिसणार. मुंडावळ्यावाला थोडा वेळ थांबला, मग नारळ खाली ठेवून निघून गेला. समोरची मंडळी पहिल्यांदा उत्सुकतेनं वळली होती, ती काही होत नाही असं बघून आपापल्या ताटल्यांकडं वळली. संपल्यावर दोन-चार टाळ्या पडल्या, वाढप्यांनी वाजवल्यासारख्या.

गिटारवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, मास्टरांना बरं नाही का? आज चाललेच नाहीत."

मी म्हटलं, "महिनाभर खाटेला पाय बांधून उभं राहायला शिकलेत ते. तुमच्यासाठी."

"अरेरे," तो म्हणाला. "ते चालणंच तर लोकांना आवडलं होतं." आणि आइसक्रीम आणायला गेला.

त्यानंतर त्या चौघांनी तोंड दाखवलं नाही. बंगल्याला कुलूप. पुढच्या कार्यक्रमाला ते एका नंदीबैलवाल्याला घेऊन गेले, असं मागाहून कानावर आलं. नंदीबैलही चालतोच म्हणा. हे मात्र बरेच शनिवार त्या फाटकापर्यंत जाऊन यायचे. "कुटंतरी कमी पडलं आसंल," म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे आणि आतल्या आत त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

शेवटी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ह्यांनी बँडमास्तरांचे पाय धरले. मास्तरानं चार माणसांत दोन शब्द सुनावले, मग परत घेतलं आणि मागच्या ओळीत उभं राहायला सांगितलं. पहिलंच लग्न वडिवळ्याचं निघालं, माझ्या चुलतभावाचं. सगळं माहेर जमलेलं. नवरदेव घोड्यावर बसला, मास्तरानं हात वर केला आणि बँड निघाला. मी मागं करवल्यांच्या घोळक्यात होते. थोडं पुढं गेलो तर घोडा थांबला. पुढून कुणीतरी ओरडलं, "ओ बँडवाले, चला की हितनं." मी टाचा उंचावून बघितलं. बाकीचा बँड पुढं गेला होता आणि आमचे हे घोड्याच्या तोंडासमोर, रस्त्याच्या मधोमध, पाय रोवून डोळे मिटून वाजवत होते.

आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. दोन पावलं टाकली आणि क्लॅरोनेट बंद पडलं. थांबले, तर वाजायला लागलं. पुन्हा चालले, पुन्हा बंद. ह्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती कधी पाहिली नव्हती. मंडळी हसायला लागली होती. मी करवल्यांतून निघाले, घोड्याला वळसा घातला आणि सगळ्या माहेरासमोर नवऱ्याचा दंड धरला. त्या दिवसांत बायका असं करत नसत. माझ्या आईनं मान खाली घातली. मी म्हटलं, "चला." आम्ही दोघं बँडच्या मागं चालायला लागलो. ह्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं, बोटं हलवली, गाल फुगवले, मारुतीपर्यंत. ढोलाच्या दणक्यात कुणाला काही कळलं नाही. मी शेजारी होते. आतून एकही सूर निघत नव्हता.

पुढच्या लग्नाला मास्तरानं ह्यांच्या हातात खुळखुळे दिले. ह्यांनी ते मुकाट्यानं घेतले, आणि पुढं बँड कायमचा सुटेपर्यंत तेच वाजवले. खुळखुळे हातात असले की पाय बरोबर चालायचे, असं लोक सांगायचे. मी नंतर त्यांचा बँड असलेल्या एकाही लग्नाला गेले नाही.